चाफ्याचं माहेर

मंगळवार, तीन फेब्रुवारी, सकाळचे सव्वासात. जागा: झाशी, सदर बाजाराच्या मागची शरयूआत्याची बाग. हजर: मी, माझे वडील, वय चौऱ्याऐंशी, आत्याकडे वीस वर्षं काम करणारी रामकली, आणि वाफ्यांमध्ये फ्लॉक्स, पॅन्सी, पिटुनिया, कॅलेंड्युला, स्वीट पी, दोन रंगांचे डेलिया. गैरहजर: शरयूआत्या. पहाटे झोपेतच गेली. साडेसहाला चहा घेऊन रामकली खोलीत गेली, आणि तिनं पहिला फोन मला केला, कारण आत्याच्या फोनशेजारी चिकटवलेल्या यादीत पहिलं नाव माझं होतं. ती यादी मीच चिकटवलेली होती.

याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि माझी नोकरीही. एका शाळेचं कार्यालय मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे. त्यामुळे त्या सकाळीही माझ्या हातात कागद होता: डॉक्टर, गुरुजी, पुण्याचे नातेवाईक, कॉलेजच्या जुन्या बाई. दुसऱ्या नावाशी थांबले होते तेव्हा फाटकाची कडी वाजली आणि बाबा आत आले. ही साधी गोष्ट नव्हती. बाबांनी नऊ वर्षांत त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. ते आत्याच्या खोलीत गेले, तिच्या उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला. मग उठून सरळ बागेच्या मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे नळाजवळ चाफा उभा आहे. फेब्रुवारीतला चाफा म्हणजे नुसती बोटं, ना पान ना फूल. बाबांनी खिशातून चष्मा काढला, वाकले, आणि चाफ्याखाली रोवलेला पत्रा वाचू लागले.

या नऊ वर्षांत मला एकच चिंता होती: आत्या असताना बाबा आत येऊन तो पत्रा वाचतील की नाही? नाही वाचला. चुटपुट आहेच. पण हा लेख रडका होऊ द्यायचा नाही, कारण आत्या वर्तमानपत्रातले रडके लेख लाल पेन घेऊन वाचायची. भूगोलाची शिक्षिका. समासात लिहायची, ‘भावना पुष्कळ, माहिती कमी.’ तेव्हा आधी माहिती.

आमची मंडळी अडीचशे वर्षांपूर्वी सुभेदारांच्या पदरी कारकुनी करायला कोकणातून इकडे आली. ज्या गावाहून आली त्या गावाचं नाव घरात तीन प्रकारे सांगतात, आणि तिन्ही प्रकार सांगणाऱ्यांपैकी कुणीही ते गाव पाहिलेलं नाही. बाहेर हिंदी आणि बुंदेली, घरात मराठी. हल्ली तर मोठ्यांनी मराठीत विचारायचं आणि मुलांनी हिंदीत उत्तर द्यायचं. कोकणाची म्हणून आमच्याकडे एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे लक्ष्मी गेटच्या घराच्या मागच्या अंगणातला पांढरा चाफा. मूळ पुरुषानं कोकणातून निघताना त्याची फांदी पडशीत घातली, वाटेत एकवीस मुक्काम झाले, झाशीला पोचल्यावर त्यानं आधी फांदी लावली आणि मग पाणी प्यायला, अशी कथा. घरातल्या मुलीचं लग्न झालं की रुखवताबरोबर त्या चाफ्याची एक फांदी द्यायची, ही रीत. कानपूर, ग्वाल्हेर, सागर, नागपूर, जिथे जिथे आमच्या मुली गेल्या तिथे तिथे तो चाफा आहे.

आत्यानं लग्न केलं नाही. मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, तिला भूगोल शिकवायची नोकरी लागली, काही वर्षांनी तिनं सदर बाजाराच्या मागे हे दोन खोल्यांचं घर आणि पुढची-मागची जमीन घेतली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि मी नऊ. सामान हलवायच्या दिवशी तिनं आजीकडे चाफ्याची फांदी मागितली. आजी म्हणाली, “फांदी नवऱ्याच्या घरी जाते गं. तू काय, बदली झाल्यासारखी चालली आहेस.” आत्या सामानाच्या गाडीत ट्रंकेवर बसून निघून गेली.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी दुपारी सगळे झोपलेले पाहून कोयती काढली. चाफ्याची फांदी कापली की तिच्यातून दुधासारखा चीक गळतो. ती लगेच मातीत खोचली तर कुजते. आठवडाभर सावलीत टाकून चीक वाळू द्यावा लागतो. बाबांनी ती कोळशाच्या खोलीत पोत्याखाली आठ दिवस ठेवली आणि मला दम दिला की आजीला कळलं तर तुझी जत्रा बंद. पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मी सायकलच्या पुढच्या दांडीवर, फांदी माझ्या मांडीवर, बाबा घामाघूम. आत्यानं दार उघडलं, फांदी पाहिली आणि म्हणाली, “दादा, हे चोरीचं आहे का?” बाबा म्हणाले, “हो. आत घे लवकर.” माझ्या पिवळ्या फ्रॉकवर उरल्यासुरल्या चिकाचा डाग पडला, तो कधीच गेला नाही आणि आईनं कधी विचारलंही नाही, त्यामुळे मला वाटतं घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

बागेला सुरुवात त्या चाफ्यापासून झाली. आणि पत्र्यांनाही. तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट करून आत्या त्याच्या पाट्या करायची; पांढरा रंग, त्यावर काळ्या रंगात फुलाचं नाव, आणि खाली ‘माहेर’. माहेर म्हणजे ते फूल मुळात जगाच्या ज्या भागातलं तो भाग. दर वर्षी पावसाळा संपला की पाट्या गंजायच्या आणि नव्यानं रंगवाव्या लागायच्या. अक्षर बरं म्हणून हे काम अकराव्या वर्षापासून माझ्याकडे आलं. आत्या एवढी काटेकोर, पण रंगाची डबी कुठे ठेवली ते तिला कधी आठवायचं नाही; मग मी एक वही केली, कुठल्या वाफ्यात काय, कधी पेरलं, कधी फुललं. माझी पहिली यादी ती. आत्यानं तिला दहापैकी साडेआठ गुण दिले.

तिचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं. सकाळी झेंडूची तोरणं करताना ती रामकलीला सांगायची, “आज पूरी झाँसी अपने दरवाज़े पर मेक्सिको बाँधेगी.” दुपारी थंडीतल्या फुलांचं बी पेरायचं. दिवाळी उलटली की शेवंती यायची, ती चीनची. डिसेंबरपासून होळीपर्यंत बाग म्हणजे जगाचा नकाशा: टेक्सासचा फ्लॉक्स, सिसिलीचा स्वीट पी, पेरूचं नॅस्टर्शियम, पुन्हा मेक्सिकोचे डेलिया आणि कॉसमॉस. जानेवारीत एक दिवस ती आख्खा वर्ग घरी आणायची. चाळीस मुली वाफ्यांमधून रांगेनं चालायच्या आणि पाट्यांवरचा मराठी शब्द पाहून पहिलीच मुलगी विचारायची, “बहनजी, माहेर माने?” “मायका.” मग सबंध सकाळ एकच गलका, गुलाबशेवंतीचं सोडाच, घरी नळाशी उगवणाऱ्या रोपट्याचंही मायका कुठलं ते हवं असायचं. चैत्रात मोगरा, तो मात्र आपला. मे महिन्यात झाशीचं ऊन अंगावर आलं की बाकीचे सगळे माना टाकायचे आणि नौ-बजिया फुलायची. सकाळी नवाच्या सुमारास उघडते म्हणून इकडे तिला हे नाव. ती दक्षिण अमेरिकेची. आत्या म्हणायची, या सरकारी नोकरांसारख्या, नवाला येतात, दुपारी गायब. पावसात तेरडा, आपलाच. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी पेरूची. लग्नाच्या वेणीतला निशिगंध, तोही मेक्सिकोचा. सदाफुली मादागास्करची. आणि पाऊस ओसरता ओसरता पारिजातक, पुन्हा आपला. जास्वंदीच्या पाटीवर मात्र आत्यानं लिहून घेतलं होतं, ‘माहेर: पूर्वेकडचं, नक्की ठाऊक नाही.’ ज्याचं ठाऊक नाही त्याचं तसं लिहायचं, हा तिचा नियम.

चाफ्याच्या पत्र्यावर पस्तीस वर्षं मी एकच ओळ रंगवत आले: ‘माहेर: कोकण.’

आत्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. कुठल्याशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. बाग पाहत पाहत मागच्या कोपऱ्यात गेली आणि संकोचून म्हणाली, “बहनजी, छोटा मुँह बड़ी बात... ये तो मध्य अमेरिका का है. मेक्सिको की तरफ़ का.” आत्या म्हणाली, “तुम्हें किसने पढ़ाया?” “आपने नहीं पढ़ाया, बहनजी, इसीलिए तो बता रही हूँ.” आत्या हसली, तिला लाडू दिला, आणि ती गेल्यावर तीन आठवडे हसली नाही. पुस्तकं आणवली. मला दोन वाचनालयांत पाठवलं. सगळीकडे तेच. चाफा अमेरिकेतून समुद्रावरून आला, कोकणाच्या किनाऱ्यावर रुजला, आणि आमच्या पूर्वजांना तो जन्मापासून तिथलाच वाटत होता. बाकी सगळ्या फुलांची तिनं पुस्तकात खात्री करून घेतली होती. एकट्या चाफ्याची नाही, कारण घरातलं माणूस ओळखपत्र कशाला दाखवेल?

“इतकी वर्षं पोरींना चुकीचं शिकवलं,” ती मला म्हणाली. “ब्रश आण.”

मी म्हटलं, बाबांना आधी सांगू. ती म्हणाली, आधी दुरुस्ती, मग चर्चा. तीन दिवसांनी तिच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. झाशीतल्या मराठी बायका, आंब्याची डाळ, कलिंगडाच्या फोडी, आणि चाफा पांढराशुभ्र फुललेला. बाबा घरून पन्ह्याची कोठी पोचवायला आले आणि नळावर हात धुताना त्यांनी पत्रा वाचला.

“शरू, हे काय आहे?”

“खरं आहे ते.”

“म्हणजे आपला मूळ पुरुष मेक्सिकोहून आला?”

“मूळ पुरुष कोकणातून आला. चाफा मेक्सिकोहून आला. दोघं वाटेत भेटले.”

लक्ष्मी गेटच्या बयोकाकू, आमच्या चुलत घराण्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या, फस्सकन हसल्या, आणि ते हसणं वाईट ठरलं. बाबांचा चेहरा उतरला. ते अगदी हळू म्हणाले, “आपल्याकडे कोकणातलं एवढंच होतं. तेही पुसलंस.” आत्याच्या हातात अत्तरदाणी होती. ती म्हणाली, “मग काय करू दादा, खोटं माहेर ठेवू?” बाबांनी कोठी खाली ठेवली, चपला घातल्या आणि म्हणाले, “तो पत्रा आहे तोवर मी आत येणार नाही.” आत्या म्हणाली, “पत्रा राहणार.”

वाचकांना वाटेल, बोलणं तुटलं. छे. बाबा दुसऱ्याच रविवारी आले, स्कूटर चालू ठेवून फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिला रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या रविवारी स्कूटर बंद केली. महिन्याभरात रामकलीनं फाटकाबाहेर एक खुर्ची ठेवली आणि आत एक, मध्ये फाटक. चहा वरून द्यायचा, बशी परत वरून घ्यायची. नऊ वर्षं, दर रविवारी, सकाळी दहा ते अकरा. शेजारचे सक्सेनाजी सुरुवातीला विचारायचे, “भाईसाहब, अंदर क्यों नहीं बैठते?” बाबा सांगायचे, “यहाँ हवा अच्छी है.” मे महिन्यातसुद्धा. रामकलीनं निकाल दिला होता, “जे दोई भाई-बैन एकई माटी के हैं, जिज्जी. अपन काए खों बीच में परें.” म्हणजे, आपण कशाला मध्ये पडायचं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पाट्या रंगवायला बसले तेव्हा आत्या म्हणाली, “चाफ्याच्या पत्र्यावर खाली जागा आहे ना? दुसरी ओळ लिही.” मी ब्रश बुडवला. तिनं सांगितलं, “आणला: दादाने, लक्ष्मी गेटहून, सायकलवर.”

मी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हटलं, आत्या, हे मी आत्ता जाऊन बाबांना सांगते. ती म्हणाली, “मुळीच नाही. मी चिठ्ठी लिहिलेली नाही, पाटी लिहिली आहे. पाटी जागेवर येऊन वाचायची असते.” मग तिनं प्रत्येक पत्र्यावर दुसरी ओळ घालायला लावली. माहेर पुस्तकात सापडतं, पण रोप दारात कुणी आणून ठेवलं ते कुठल्या पुस्तकात सापडणार, असं तिचं म्हणणं. पारिजातक: आणला कॉलेजच्या चौकीदारानं. गुलबक्षी: रामकलीच्या आईनं, टहरौलीहून, पदराला बी बांधून. निशिगंधाचे कंद: बबीनाच्या लष्करी छावणीत बदलीवर असलेल्या एका सुभेदारांच्या बायकोनं, पुढच्या बदलीला जाताना. त्या वर्षी मला पाट्यांना तीन रविवार जास्त लागले, आणि मला पहिल्यांदा कळलं की या बागेत आत्यानं पैसे देऊन आणलेलं फारसं काही नाही.

मला बाबांना आत न्यायचं होतं आणि बोलायची परवानगी नव्हती. मी प्रयत्न केले. नळ गळतो म्हणून बोलावलं. त्यांनी फाटकाबाहेरून वॉशर कसा बदलायचा ते समजावून सांगितलं आणि मी तो बदलला. बागेत धामण निघाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, धामण चांगली असते, उंदीर खाते. एकदा आत्याला ताप होता तेव्हा वाटलं, आता येतील. त्यांनी रामकलीला तिची खाट फाटकाजवळच्या ओसरीत आणायला लावली आणि रोज संध्याकाळी बाहेरून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आत्या तापातही हसत होती. म्हणाली, “दादा, पान पाच उलटं धरलं आहेस.” ते हट्टी होते, पण त्या हट्टाची त्या दोघांना गंमत वाटायला लागली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी एकटीच ती समस्या समजून सोडवत बसले होते.

शेवटची भेट संक्रांतीची. आत्यानं फाटकावरून तिळगूळ दिला आणि म्हणाली, “चाफा यंदा लवकर पालवेल असं वाटतं. बघायला ये.” बाबा म्हणाले, “इथून दिसतो मला शेंडा.” ती म्हणाली, “शेंडा सगळ्यांनाच दिसतो.” एवढंच. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं का... हा प्रश्न मी गेले काही आठवडे दररोज स्वतःला विचारते. उत्तर सापडत नाही. तिचा नियम होता, ज्याचं ठाऊक नाही त्याचं तसं लिहायचं. म्हणून तसं लिहिते.

तर त्या मंगळवारी सकाळी बाबांनी पत्रा वाचला. एकदा चष्म्यातून, एकदा चष्मा पुसून. मग नळाखालची बादली उपडी करून तिच्यावर बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“ही खालची ओळ कधीची?”

“नऊ वर्षांची. त्याच पावसाळ्यानंतरची.”

“तुला ठाऊक होतं?”

“मीच रंगवते, बाबा.”

फ्लॉक्सवर मधमाश्या यायला लागल्या होत्या, शेजारून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग बाबा म्हणाले, “सायकल माझी नव्हती. ऑफिसातल्या दामूची होती. माझी पंक्चर होती त्या दिवशी.” आणि थोड्या वेळानं, “तिला माहीत नव्हतं ते. दुरुस्ती कर.” मला हसू आलं आणि दुसरंही काही आलं, दोन्ही एकदम. रामकली तोंडाला पदर लावून पाहत होती. तिला वाटलं, आम्ही भांडतो आहोत.

दिवसकार्य झालं. आलेल्यांत माझी मुलगी ईशाही होती. ती एकतीस वर्षांची आहे, हैदराबादला नोकरी करते, गेल्या वर्षी तिनं स्वतःचं घर घेतलं, सहाव्या मजल्यावर, पश्चिमेकडची बाल्कनी. लग्नाचा विषय मी तीन वर्षांपूर्वी यादीतून काढून टाकला; कारण दर वेळी पुढच्या महिन्याच्या पानावर तो पुन्हा लिहावा लागत होता. जायच्या आदल्या दिवशी ती बाबांना म्हणाली, “आजोबा, आत्याआजीच्या चाफ्याचं एक कटिंग मिलेगा क्या? बाल्कनी में कुंडी रखूँगी.” मी दचकले. आमच्यात फांदी मागत नाहीत, ती दिली जाते, आणि कुणाला दिली जाते हेही ठरलेलं. पण ईशाला ही रीत मी कधी सांगितलेलीच नव्हती. तिच्या दृष्टीनं ते एक झाड होतं आणि ती एक माणूस.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “घर तुझ्या नावावर आहे?”

“हाँ आजोबा. ईएमआय पण माझ्याच नावावर आहे.”

“मग मिळेल.”

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आत्याच्या बागेत पाणी द्यायला गेले तर बाबा तिथे आधीच हजर. रामकलीनं शिडी धरली होती, शिडीवर कोयती घेऊन आमचे सक्सेनाजी, आणि बाबा खालून सूचना देत होते, “थोड़ा नीचे से. तिरछा. अरे, उससे नीचे.” पाल्हाळ न लावता सांगते, फांदी हातभर लांब, मनगटाएवढी जाड, उत्तम निघाली. चीक जमिनीवर टपटपला. बाबांनी कापलेल्या तोंडावर राख लावली आणि फांदी ओसरीत, सावलीत, उभी ठेवली. त्याच संध्याकाळी ते मला घेऊन बयोकाकूंकडे गेले. काकू नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं. बाबांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की चाफा मेक्सिकोचाच आहे, शरूचं खरं होतं, आणि मी नऊ वर्षं रस्त्यावर बसलो. काकूंनी शांतपणे सुपारी कातरली. म्हणाल्या, “मेक्सिकोचा असो नाहीतर मऊरानीपूरचा. माझ्या सुनेनं आमचा तोडला बाथरूम बांधताना. एक फांदी मलाही पाठवून दे.” बाबा परत येताना ऑटोत एकटेच हसत होते.

ईशाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “आई, कूरियर कर दो ना.” बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. “चाफा कूरियरनं जात नाही. कुणीतरी आणावा लागतो.”

“मग मी दिवाळीला येईन तेव्हा नेते.”

“दिवाळीपर्यंत फांदी थांबेल का? मी येतो.”

मग ईशा म्हणाली, “आजोबा, गाडीत एक रात्र काढावी लागते.”

“मुंबईपर्यंत उभा गेलेला माणूस आहे मी,” बाबा म्हणाले, आणि फोन मला दिला.

तेव्हापासून एक नवी यादी माझ्या पर्समध्ये आहे. सहा कामं. चाफ्याच्या पत्र्यावरची दुरुस्ती: झाली, ‘सायकल दामूची’ असं कंसात लिहिलं, जागा जेमतेम पुरली. बयोकाकूंना फांदी: पोचवली. ईशाच्या कुंडीसाठी छोटा पत्रा कापून, पांढरा रंग देऊन ठेवणे: झालं, माहेराची ओळ लिहिली आहे. बागेच्या पाण्यासाठी रामकलीच्या वेळा ठरवणे: ठरल्या. डॉक्टरांना विचारणे: विचारलं. डॉक्टरांनी बाबांचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, छातीचा कागद पाहिला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “देखिए, इस उमर में इतना लंबा सफ़र... आप ही समझा दीजिए इन्हें.” म्हणजे सहावं काम: बाबांना सांगणे, की जाऊ नका.

आज फांदीला नववा दिवस. चीक वाळला आहे, टोक घट्ट झालं आहे, शेंड्याशी एक पान डोळा उघडल्यासारखं दिसायला लागलं आहे. बाबांनी ती स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून जुनं धोतर बांधलं आणि माळ्यावरून कापडी पिशवी काढून झटकून उन्हात टाकली. मघाशी त्यांनी विचारलं, खालचा बर्थ मिळेल ना? मी म्हटलं, बघते. पाच कामांवर खूण झाली आहे. सहाव्यावर अजून नाही.